माळ्यावरचं रेशीम आणि एईची वही

आजची गोष्ट एका अफवेपासून सुरू होते.

साल 1872. जपानची राजधानी तोक्यो, तिथून शंभरेक किलोमीटरवर गुन्मा नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्या प्रांतातल्या तोमिओका गावात सरकारनं लाल विटांचा एक भला मोठा कारखाना उभा केला. रेशमाच्या कोषांपासून धागा काढायचा कारखाना. धागा काढायची शेड 140 मीटर लांब, आणि तिच्यात कोष सोडायच्या गरम पाण्याच्या कढया 300. जपानी लोक तोवर लाकडाची घरं बांधायचे, विटांचं काम त्यांच्या हाताखालचं नव्हतं. मग घरावरची कौलं भाजणाऱ्या कारागिरांना बोलावलं, त्यांच्याकडून विटा भाजून घेतल्या, आणि सिमेंट नव्हतं म्हणून चुन्यात बसवल्या. यंत्रं फ्रान्सहून आली. शिकवायला फ्रेंच बायका आल्या. त्या सगळ्यांच्या वर पॉल ब्रुना नावाचा फ्रेंच तज्ज्ञ नेमला.

सगळं तयार झालं आणि अडलं ते मुलींवाचून. हुकूम सुटला, दवंडी पिटून झाली, तरी एकही मुलगी यायला तयार नाही. कारण काय, तर गावोगाव एक गोष्ट पसरली होती की हे परदेशी लोक पोरींचं रक्त पितात. फ्रेंच माणसं जेवताना लाल दारू प्यायची, ती कुणीतरी पाहिली होती. लाल रंग, काचेचा पेला, गोरी माणसं. एवढं पुरेसं होतं.

कारखान्याच्या प्रमुखाचं नाव ओदाका. त्यानं लोकांना समजावून पाहिलं, उपयोग होईना. शेवटी त्यानं आपली स्वतःची लेक, यू तिचं नाव, तेरा-चौदा वर्षांची पोर, तिला पहिली कामगार म्हणून नोंदवलं. पोरीला कुणी विचारलं होतं का, ते कागदात कुठं सापडत नाही. पण ती गेली, आणि रक्त वगैरे कुणी प्यायलं नाही, तेव्हा हळूहळू दुसऱ्या मुली यायला लागल्या.

मी स्वतः जपानला गेलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. वाचून सांगतेय. जपान म्हटलं की लोक फुजी डोंगर सांगतात, क्योतोची देवळं सांगतात, फार तर शिराकावा गावातली ती उंच उतरत्या छपरांची घरं सांगतात. ती घरं इतकी उंच कशाला, हे मात्र फोटो काढणाऱ्यांतले बरेच जण विचारत नाहीत. खाली माणसं राहायची आणि वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे. गुन्मा आणि त्याला लागून असलेला नागानो हे दोन प्रांत अशा घरांनी, गोदामांनी आणि रस्त्याकडेच्या दगडांनी भरलेले आहेत. बाहेरचे प्रवासी तिकडं कमीच वळतात. मला त्या घरांत रस वाटला, कारण तिथं आपल्यासारख्या बायकांचे हात लागलेले आहेत.

जालना, बीड भागातल्या ज्या बहिणी तुती लावून रेशीम घेतात, त्यांना हे काम सांगायला नको. बारीक अळी असताना कोवळा पाला चिरून घालायचा, चार वेळा ती कात टाकते तेव्हा तिला हलवायचं नाही, ओल धरू द्यायची नाही, तापमान सांभाळायचं. आणि शेवटच्या आठवड्यात किडे असे काही पाला खातात की बंद खोलीत पाऊस पडतोय असा आवाज येतो. गुन्मातल्या बायकांनी हेच केलं, पिढ्यान्‌पिढ्या, आणि आपल्या राहत्या घरात केलं. हंगामात माणसांनी कोपऱ्यात झोपायचं आणि घर किड्यांना द्यायचं. तिथं किड्याला नुसतं किडा म्हणत नसत. ‘ओकाइको-सामा’ म्हणायचे. ‘सामा’ म्हणजे आपलं ‘साहेब’ किंवा ‘महाराज’ समजा. घरचा पैसा आणतो त्याला मान द्यायचा, एवढा साधा हिशेब.

उंदीर हा रेशमाचा मोठा वैरी. मांजर पाळायचंच, पण ज्याला ते जमत नसे तो मांजराचं चित्र आणून भिंतीवर लावायचा. हसू नका. त्या भागात इवामात्सु नावाचं एक जुनं सरदार घराणं होतं. मान मोठा, पण मिळकत तुटपुंजी. त्या घराण्यातल्या चार पिढ्यांनी शेतकऱ्यांना मांजरांची चित्रं काढून दिली. सरदाराच्या हातचं मांजर, मग उंदीर घाबरणारच! पुढं त्या घराण्याला सरकारनं ‘बॅरन’ ही पदवी दिली, तर लोक त्याला ‘मांजर-बॅरन’ म्हणायला लागले. ती चित्रं आज तिथल्या संग्रहालयांत आणि काही जुन्या घरांत जपून ठेवलेली आहेत.

गुन्माच्या डोंगरात काताशिना नावाचं गाव आहे. तिथल्या नागाई नावाच्या जोडप्याची आठवण अशी सांगतात. 1868 साली देशात लढाई चालू होती. सैनिक गावात उतरले, पावसानं भिजलेले. त्यांचे कपडे वाळवायला घरात मोठा जाळ करावा लागला. वर माळ्यावर किडे. घरच्यांना वाटलं, गेलं हे पीक, धुरानं मरणार सगळे. पण झालं उलटंच, त्या वर्षी कोष चांगले आले. ओल निघून गेली होती ना! नवऱ्यानं आणि बायकोनं त्यावर विचार केला, करून पाहिलं, आणि पावसाळी थंड हवेत मंद जाळ करून किडे वाढवायची पद्धत बसवली. मग दोघं गावोगाव जाऊन ती शिकवायला लागले. नवरा वारला, तरी बायको थांबली नाही. इतो तिचं नाव. ती पुढंही शिकवत राहिली. त्यांच्या शाळेचं लाकडी घर अजून उभं आहे.

या गुन्माच्या बायकांबद्दल जपानात एक म्हण आहे, ‘काकाआ देनका’. सरळ अर्थ घेतला तर ‘बायकोचं राज्य’. बाहेरचे लोक ती चेष्टेनं म्हणतात, की तिकडचे नवरे बायकोच्या मुठीत. तिकडचे पुरुष मात्र तिचा वेगळा अर्थ लावतात, ‘आमची कारभारीण अख्ख्या देशात एक नंबर’. दोन्हीत थोडं थोडं खरं असावं. किडे पाळणं, धागा काढणं, कापड विणणं, तिन्ही कामं बायकांच्या हातात, म्हणजे घरात रोख पैसा यायचा तो त्यांच्या हातून. 2015 साली जपान सरकारनं देशाच्या वारशाची पहिली यादी केली, तेव्हा गुन्माच्या रेशीमघरांना ह्याच म्हणीच्या नावानं त्या यादीत घातलं. चेष्टेची म्हण सरकारी पाटीवर गेली.

आणि बचत गटातल्या बहिणींनो, हे तर तुमच्याचसाठी. गुन्मातल्या आन्नाका शहरात एका जुन्या संस्थेची कचेरी जपून ठेवली आहे, 1905 ची इमारत. संस्थेचं नाव उसुइ-शा, सुरुवात 1878 ची. त्याचं असं होतं, की घरोघरी बायका हातानं फिरवायच्या लाकडी चाकावर धागा काढायच्या. एकटीचा धागा थोडा, कुठं जाड कुठं बारीक. व्यापारी दारात येऊन म्हणेल तो भाव. मग शेतकरी कुटुंबांनी मिळून ठरवलं, की धागा घरीच काढायचा, पण लडी एका ठिकाणी आणायच्या, तिथं पुन्हा गुंडाळून सारख्या करायच्या, प्रत लावायची, आणि एकत्रच योकोहामा बंदरात विकायच्या. तिथून माल थेट परदेशात. मोठ्या वाफेच्या कारखान्यांच्या जोडीला अशा संस्था कितीतरी वर्षं टिकल्या. कागदावर सभासद म्हणून घरच्या पुरुषाचं नाव आणि चाकावर हात बाईचा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता परत तोमिओकाला येऊ या. कारण तिथं गेलेल्या शेकडो मुलींमधल्या एकीनं सगळं लिहून ठेवलं.

तिचं नाव एई. माहेरचं आडनाव योकोता. डोंगरापलीकडच्या नागानो प्रांतातलं मात्सुशिरो हे तिचं गाव. वडील सरदाराच्या पदरी होते. नवं सरकार आलं, जुनी सरदारकी गेली, आणि अशा घरांची चूल पेटायची पंचाईत झाली. वडिलांकडं गावकारभार होता, मुली पाठवायचा हुकूम त्यांच्याच हाती आला. कुणी पोर देईना, तेव्हा त्यांनीही ओदाकासारखंच केलं, स्वतःची लेक पुढं केली. पण इथं फरक असा, की एईला जायचंच होतं. 1873 च्या वसंतात, पंधरा वर्षांची असताना, ती गावच्या आणखी मुलींबरोबर डोंगर ओलांडून चालत गेली.

त्या कारखान्यात दिवसाला सरासरी पावणेआठ तास काम, रविवारी सुट्टी, दवाखाना आतच. त्या काळाच्या मानानं हे फारच चांगलं म्हणायचं. पण एईचं लिहिणं वाचताना गंमत वाटते ती बारक्या बारक्या गोष्टींची. सुरुवातीला त्यांना कोष निवडायला बसवलं. उकाडा, कोषांचा वास, दिवसभर मान खाली, आणि अनावर झोप. कढईवर बसून धागा काढायला कधी मिळेल, याची या मुली वाट बघत होत्या. तेवढ्यात लांबच्या यामागुची प्रांतातल्या मुली आल्या. मागून आलेल्या, आणि त्यांना आधी कढया मिळाल्या. यामागुचीची माणसं तेव्हा सरकारात मोठ्या जागांवर होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मात्सुशिरोच्या मुली गप्प बसल्या नाहीत. त्यांनी तक्रार केली. पुढं एई पहिल्या श्रेणीची कामगार झाली. त्या वयात सरकारी कारखान्यात उभं राहून ‘आमची पाळी आधी होती’ म्हणणं, ही लहान गोष्ट नाही.

साल-दीड सालानं ती परतली आणि आपल्या गावाजवळ रोक्कोशा नावाच्या नव्या कारखान्यात दुसऱ्यांना शिकवू लागली. जास्त धागा काढायचा की चांगला काढायचा, यावरून तिथंही ओढाताण झाली. एई चांगल्याच्या बाजूनं.

मात्सुशिरोतलं योकोता घराण्याचं घर अजून आहे. गवती छप्पर, अंगण, मागं बाग. लोकांना आत जाऊन बघता येतं. या घरातले दोन मुलगे फार मोठे झाले. एक देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा प्रमुख, दुसरा रेल्वेमंत्री. दोघेही एईचे भाऊ. बहिणीला ना पद, ना पदवी. पण आज त्या घराची ओळख करून देताना तिचं नावही भावांच्या बरोबरीनं घेतात. कारण एकच, तिची वही.

सगळ्याच मुलींचं एवढं बरं झालं नाही. तोमिओका गावात र्‍युकोजी नावाचं देऊळ आहे. त्याच्या आवारात कारखान्यात वारलेल्या मुलींच्या समाध्या आहेत. लांबून आलेल्या पोरी, आजारपणात गेल्या आणि तिथंच राहिल्या.

आणि पुढं जे खासगी कारखाने निघाले, विशेषतः नागानोमधल्या सुवा तलावाकाठी ओकाया शहरात, तिथं पावणेआठ तासांची गोष्टच उरली नाही. तेरा-चौदा तास काम. बापानं करारावर अंगठा करून उचल घ्यायची आणि पोरीनं ती फेडायची. ही पद्धत आपल्या ऊसतोडीच्या बहिणींना ओळखीची वाटेल. धाग्यात खोट निघाली की मजुरी कापली जायची. हिदा नावाच्या डोंगराळ भागातून या मुली कित्येक दिवस चालत येत, नोमुगी नावाची खिंड ओलांडून. खिंड 1,672 मीटर उंच. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटर, म्हणजे त्याच्याहूनही वर. वर्षाअखेरीला घरी जायचं ते बर्फातून.

1909 च्या नोव्हेंबरात त्या खिंडीत मिने नावाची विशीतली मुलगी वारली. कारखान्यात आजारी पडली म्हणून तिच्या भावाला निरोप धाडला होता. त्यानं तिला पाठुंगळी घेतलं आणि चालत निघाला. खिंडीच्या माथ्यावरून पलीकडचा आपला मुलूख दिसतो, तिथं तो दिसल्याचं ती बोलली आणि तिथंच तिनं जीव सोडला, असं सांगतात. भावाच्या पाठीवर बसलेल्या मिनेचा पुतळा आज त्या खिंडीत आहे. यामामोतो शिगेमी या लेखकानं कारखान्यात काम केलेल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना भेटून 1968 साली या खिंडीवर पुस्तक लिहिलं, त्यामुळं तिचं नाव देशभर गेलं. त्या पुस्तकातली एक गोष्ट मला विचारात पाडते. बऱ्याच म्हाताऱ्यांनी सांगितलं, की गेलो ते बरंच झालं, घरापेक्षा तिथं पोटभर जेवायला मिळायचं. यावरून कारखाने चांगले होते असं म्हणता येत नाही. घरी काय होतं, ते मात्र कळतं.

त्या सोसतच राहिल्या असंही नाही. 1886 साली कोफू शहरात कामाचे तास वाढवले तेव्हा शंभरावर बायका कारखान्यातून निघाल्या आणि एका देवळात जाऊन बसल्या. जपानमधला हा पहिला नोंदलेला संप समजतात, आणि तो बायकांनी केला. मालकाला थोडी माघार घ्यावी लागली. (कोफूच्या भागात आजही ‘मुजिन’ चालते. महिन्याला पैसे जमवायचे, पाळीपाळीनं उचलायचे. आपली भिशीच की!) 1927 साली ओकायात हजारावर बायकांनी 19 दिवस संप केला. मालकानं राहायची जागा आणि स्वयंपाकघर बंद केलं. पोरी जाणार कुठं? तो संप मोडला. त्या कारखान्याची कचेरी अजून उभी आहे, जवळच रेशमाचं संग्रहालय आहे, आणि त्यात बायका कढईवर बसून खरोखरचा धागा काढताना बघायला मिळतात.

1929 साली जपानात सुमारे 22 लाख कुटुंबं रेशीम पिकवत होती. आता दोनशेही उरलेली नाहीत. अमेरिकेतल्या बायकांचे पायमोजे रेशमाऐवजी नायलॉनचे झाले, मग युद्ध आलं, मग शहरं वाढली. तोमिओकाचा कारखाना 1987 साली बंद पडला. बंद पडल्यावरही मालक कंपनीनं तो विकला नाही, भाड्यानं दिला नाही, पाडला नाही. अठरा वर्षं नुसता राखला आणि 2005 साली नगरपालिकेला दिला, म्हणून 2014 साली तो जागतिक वारशात जाऊ शकला. त्याच्याबरोबर तिथल्या ताजिमा नावाच्या शेतकऱ्याचं 1863 सालचं घरही यादीत गेलं. त्याच्या छपरावर हवा खेळायला आणखी एक छोटं छप्पर आहे. तिथं वंशज अजून राहतात, त्यामुळं बघणाऱ्यांनी अंगणातूनच बघायचं. ते मला बरोबर वाटतं. दुसऱ्याच्या सैपाकघरात कशाला शिरायचं?

जपानच्या सरकारी नकाशांवर तुतीच्या शेताची एक वेगळी खूण असायची. 2013 साली ती काढून टाकली. दाखवायला शेतंच उरली नव्हती. पण ती विद्या पुरती गेली नाही. 1990 च्या दशकात म्हैसूरच्या रेशीम संशोधन केंद्रात जपानी तज्ज्ञ येऊन राहिले, त्यांच्या मदतीनं आपल्या हवेत टिकतील अशा पांढऱ्या कोषांच्या जाती तयार झाल्या, आणि त्यांचेच संकर आज मराठवाड्यातल्या शेडमध्ये पाला खातायत. जालन्याच्या कोष बाजारात पोतं उघडल्यावर जो पांढरा ढीग दिसतो, त्याचं एक आजोळ तिकडं आहे म्हणा.

एईनं ती वही लिहायला घेतली 1907 साली. तेव्हा ती पन्नाशीला आली होती. आई आजारी होती, तिचं मन रमावं म्हणून हिनं तीसेक वर्षांपूर्वीच्या गोष्टी आठवून लिहिल्या. ना सरकारनं सांगितलं होतं, ना छापायला द्यायचं होतं. वहीच्या सुरुवातीलाच ती आपल्याबरोबर घरातून निघालेल्या मुलींची नावं देते, एकेकीचं वयही. त्यांत सगळ्यांत लहान होती त्सुरु, तेरा वर्षांची, मोठ्या घरची. तोमिओकात तिचे पाय सुजले, चालता येईना, आणि एईनं तिचं सगळं केलं. इतक्या वर्षांनीही एईला सगळ्यांची नावं आठवत होती. तिनं ती एकाखाली एक लिहिली.